इंडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळासाठी वापरतो, फार तर जुन्या वाड्यासाठी. संगणकाच्या बाबतीत तो वापरावा असे पूर्वी कोणाला सुचले नसते, कारण संगणक जुना झाला की भंगारवाल्याकडे जातो हा सर्वांचाच अनुभव. तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगात ठिकठिकाणी अशी हौशी माणसे तयार झाली आहेत, की जी १९८० आणि १९९०च्या दशकांतील संगणक शोधून काढतात, खोलतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालू करतात. या मंडळींमध्ये एका जातीच्या यंत्रांना विशेष मान आहे. ती जात म्हणजे ग्राफिक्स वर्कस्टेशन.

वर्कस्टेशन म्हणजे एका माणसाने टेबलावर ठेवून वापरायचा, पण त्या काळच्या घरगुती संगणकापेक्षा पुष्कळ ताकदवान असा संगणक. अभियंते, शास्त्रज्ञ आणि चित्रपटांसाठी हलती चित्रे करणारे कलावंत हे त्याचे गिऱ्हाईक. ज्या वर्कस्टेशनचा सारा रोख त्रिमिती चित्रे झरझर काढण्यावर असे, ते ग्राफिक्स वर्कस्टेशन. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी या क्षेत्रात अग्रेसर होती. १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटातील संगणकावर घडवलेले डायनोसॉर याच कंपनीच्या यंत्रांवर तयार झाले. त्याच चित्रपटात एक मुलगी पडद्यावरच्या ठोकळ्यांच्या रांगांवरून जणू उडत जाऊन हवी ती फाइल शोधते. हे दृश्य पाहून बहुतेकांना तो दिग्दर्शकाचा कल्पनाविलास वाटला. प्रत्यक्षात ती ‘एफएसएन’ नावाची खरीखुरी आज्ञावली होती आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर ती चालत असे.

या कंपनीच्या अनेक यंत्रांपैकी ‘इंडी’ हे यंत्र आम्ही या लेखासाठी निवडले आहे. जुलै १९९३ मध्ये ते बाजारात आले. चपटी निळी पेटी, सोबत एक छोटा कॅमेरा आणि किंमत सुमारे पाच हजार डॉलरपासून पुढे. त्या वेळच्या दराने हे दीड लाख रुपयांच्यावर जाते, तरी या कंपनीच्या मानाने ते स्वस्तच होते. इंडी निवडण्याचे कारण वेगळे आहे. या यंत्राला वयोमानाने एक विशिष्ट आजार होतो. त्या आजाराची चिकित्सा करताना विद्युतशास्त्र, अंकगणित, कायदा आणि इतिहास हे सगळे विषय एकदम समोर येतात.

बारा चिपांची रांग

आधी थोडे मागे जाऊ. जेम्स क्लार्क (जन्म १९४४) यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. संगणकीय चित्रांच्या अभ्यासाचे ते त्या काळचे माहेरघर होते. आयव्हन सदरलंड तेथे शिकवत होते. पुढे १९७९ पासून क्लार्क स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापक झाले. त्रिमिती वस्तू पडद्यावर फिरवायची तर संगणकाला एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. याचे उत्तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवता येते.

क्ष आणि य हे अक्ष काढा आणि (३, ४) हा बिंदू घ्या. आरंभबिंदूभोवती तो काटकोनातून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, फिरवा. तो (−४, ३) येथे जातो. कोन कोणताही असला तरी रीत एकच: नवा क्ष काढण्यासाठी जुन्या क्ष-ला कोनाच्या कोसाइनने गुणायचे आणि त्यातून य व साइनचा गुणाकार वजा करायचा, नवा य काढण्यासाठी क्ष-ला साइनने, य-ला कोसाइनने गुणून बेरीज करायची. म्हणजे चार गुणाकार झाले. हेच काम आव्यूह, म्हणजे मॅट्रिक्स, मांडून नेटकेपणाने होते. पण वस्तू नुसती फिरवायची नसते, ती सरकवायचीही असते आणि सरकवणे ही बेरीज आहे, गुणाकार नाही. येथे गणितज्ञांनी एक छान युक्ती वापरली. त्रिमितीतील बिंदूला क्ष, य, झ यांच्या जोडीला १ हा चौथा सहनिर्देशक द्यायचा आणि चार ओळी-चार स्तंभांचा आव्यूह घ्यायचा. मग फिरवणे, सरकवणे, लहान-मोठे करणे आणि दूरची वस्तू लहान दिसण्यासाठी लागणारी तयारी हे सगळे एकाच गुणाकारात बसते.

आता हिशोब करू. एका बिंदूसाठी १६ गुणाकार आणि १२ बेरजा. वस्तूचे हजार बिंदू धरले आणि हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला तीस चित्रे काढायची ठरवली, तर दर सेकंदाला ४,८०,००० गुणाकार आणि ३,६०,००० बेरजा झाल्या, त्याही अपूर्णांकांच्या. पडद्याच्या चौकटीबाहेर जाणारा भाग कापून टाकणे आणि उरलेला पडद्याच्या मापात बसवणे ही कामे निराळीच. त्या काळच्या सूक्ष्मप्रक्रियकाला अपूर्णांकांचा गुणाकार थेट करताही येत नसे. तो लहान-लहान पायऱ्यांनी करावा लागे.

क्लार्क यांनी ठरवले, की एवढ्या एकाच कामासाठी स्वतंत्र चिप बनवायची. तिला त्यांनी ‘जॉमेट्री इंजिन’ असे नाव दिले. मार्क हॅना हे त्यांचे विद्यार्थी या कामात सोबत होते. १९८२ साली क्लार्क यांनी आपला आराखडा प्रसिद्ध केला. त्यात एकाच प्रकारच्या बारा चिपा एकामागे एक लावलेल्या होत्या. पहिल्या चार आव्यूहाचा गुणाकार करत, पुढच्या सहा चित्र कापत (दृश्याच्या चौकटीला सहा बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एक चिप) आणि शेवटच्या दोन ते पडद्याच्या मापात आणत. कापडगिरणीत जसा एक खात्यातून दुसऱ्या खात्यात माल सरकतो, तसे बिंदू या रांगेतून सरकत. एक बिंदू कापला जात असताना पुढचा बिंदू गुणाकाराच्या खात्यात आलेला असे.

विद्यापीठातल्या माणसाला चिप बनवून कोण देणार, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. एकट्याच्या नमुन्यासाठी सिलिकॉनची अख्खी चकती करून घेणे परवडणारे नव्हते. त्याच सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लिन कॉनवे यांनी एक सोय उभी केली. अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे आराखडे गोळा करायचे आणि ते सर्व मिळून एकाच चकतीवर कोरून घ्यायचे. १९७९ सालच्या अशा सामायिक खेपेत जॉमेट्री इंजिनचा आरंभीचा नमुना होता. आम्हांला ही गोष्ट क्लार्क यांच्या कल्पनेइतकीच महत्त्वाची वाटते. चिप आखणे हे काम मोठ्या कंपन्यांच्या भिंतींबाहेर वर्गात आले ते या मार्गाने.

त्यानंतर स्थापन झालेल्या सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची पहिली यंत्रे १९८३-८४च्या सुमारास बाहेर पडली. १९९२ साली कंपनीने चित्र काढण्याच्या आपल्या आज्ञांचा संच ‘ओपनजीएल’ या नावाने इतरांसाठी खुला केला. प्रथिनांची रचना अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांत ही यंत्रे पोचली. स्फटिकशास्त्रज्ञांची ‘ओ’ नावाची आज्ञावली आणि १९९५ साली इलिनॉय विद्यापीठातून आलेली ‘व्हीएमडी’ ही दोन ठळक उदाहरणे.

आणि इंडी? गंमत अशी, की जॉमेट्री इंजिनाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या कंपनीने इंडीच्या साध्या नमुन्यात ते इंजिन ठेवलेच नाही. दहा वर्षांत मुख्य प्रक्रियक इतका वेगवान झाला होता, अपूर्णांकांचे गणित तो स्वतःच इतक्या सहज करू लागला होता, की भूमितीचे काम पुन्हा त्याच्याकडे सोपवणे परवडू लागले. महागड्या ‘एक्सझेड’ नमुन्यात मात्र जॉमेट्री इंजिने होती. असे होणार हे सदरलंड आणि मायर यांनी १९६८ सालीच एका निबंधात सांगून ठेवले होते. चित्रांचे काम मुख्य प्रक्रियकाकडून वेगळ्या यंत्रणेकडे जाते, ती यंत्रणा वाढत जाते आणि चाक फिरून पुन्हा मूळ जागी येते, असा त्यांचा मुद्दा होता. चाक तेथेही थांबले नाही. १९९९ साली साध्या संगणकात बसणाऱ्या ‘जीफोर्स २५६’ या चिपमध्ये हे आव्यूहांचे गुणाकार परत स्वतंत्र यंत्रणेकडे गेले. तोपर्यंत सिलिकॉन ग्राफिक्सला उतरती कळा लागली होती. जे काम करायला वर्कस्टेशन लागे, ते पोरांच्या खेळाच्या संगणकावर होऊ लागले. क्लार्क १९९४ मध्येच कंपनी सोडून गेले होते. २००६ आणि २००९ अशी दोनदा कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या ‘आयरिक्स’ या कार्यप्रणालीची अखेरची आवृत्ती २००६ ची. २०१३ च्या अखेरीस तिची देखभालही संपली.

याचा अर्थ एवढाच, की आज एखाद्याच्या हाती इंडी लागला तर त्याला कंपनीचा आधार नाही. जे काही करायचे ते स्वतःच्या बुद्धीने आणि इतर हौशी मंडळींच्या मदतीने.

पेटी उघडल्यावर

वाचकांपैकी कोणाच्या शाळेत किंवा महाविद्यालयात असे जुने यंत्र अडगळीत पडले असेल, तर पहिली सूचना ही, की त्याची वायर खोचून बटण दाबू नये. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या यंत्रात सर्वांत आधी बिघडतात ते विद्युतपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक धारित्र, म्हणजे कपॅसिटर. या धारित्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विद्युतरोधकाचे काम करतो. शेजारी विद्युतअपघटनी द्रवात भिजवलेला कागद असतो. वर्षानुवर्षे विद्युतदाब मिळाला नाही की ऑक्साइडचा थर कमकुवत होतो आणि द्रव हळूहळू सुकतो किंवा पाझरतो. अशा धारित्राला एकदम पूर्ण दाब दिला तर त्यातून प्रवाह गळू लागतो, ते तापते आणि प्रसंगी फुटते. त्यातच पुरवठ्याने भलता दाब पुढे सोडला तर ज्या चिपा बदलून मिळणे कठीण त्याच जळून जातात. म्हणून जाणकार आधी पुरवठा-पेटी बाहेर काढतात, फुगलेली वा पाझरलेली धारित्रे बदलतात, पेटीला यंत्राऐवजी एखादा निरुपद्रवी भार जोडतात आणि प्रत्येक तारेवरचा दाब मीटरने मोजून पाहतात.

येथे शिक्षकांना एक इशारा देणे आवश्यक आहे. घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे एकदिशीकरण झाले की पुरवठ्यातील मोठ्या धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब तयार होतो (२३० ला २ च्या वर्गमुळाने गुणून पाहावे) आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. ही दोन झाकणे विद्यार्थ्यांनी उघडायची नाहीत. बाकीच्या यंत्रात पाच-बारा व्होल्टचाच कारभार आहे. तेथे त्यांनी जरूर हात घालावा.

पुरवठा ठीक असेल तर पुढची पायरी सोपी आणि मजेची आहे. इंडीला पडदा आणि कळफलक काहीही न जोडता चालू केले, तर कळफलक नाही हे त्याच्या लक्षात येते आणि ते मागच्या बाजूच्या सिरिअल जोडणीवरून सेकंदाला ९६०० बिट या वेगाने अक्षरे पाठवू लागते. दुसरा कोणताही संगणक तेथे जोडला की संवाद सुरू होतो. ‘एचआयएनव्ही’ ही चार अक्षरांची आज्ञा दिली की यंत्र आपल्या पोटातील सर्व सामानाची यादी वाचून दाखवते: प्रक्रियक कोणता, स्मृती किती, चकत्या कोणत्या. यादीत स्मृती कमी दिसली तर बहुधा पट्ट्यांचे संपर्क मळलेले असतात. इंडीत स्मृतीच्या पट्ट्या चार-चारच्या संचात लावाव्या लागतात. चारांतील एकीने संप पुकारला तरी अख्खा संच बाद होतो. संपर्क स्वच्छ पुसून पट्ट्या पुन्हा घट्ट बसवल्या की पुष्कळदा एवढ्यावर काम भागते.

ज्या चिपला स्वतःचे हृदय आहे

आता तो विशिष्ट आजार. इंडीच्या मुख्य पाटावर काळ्या रंगाचा, इतर चिपांपेक्षा बराच जाड असा एक ठोकळा असतो. त्यावर डॅलस सेमीकंडक्टर या उत्पादकाचे नाव आणि ‘डीएस १३८६’ हा क्रमांक असतो. हे यंत्राचे घड्याळ. घड्याळ यंत्र बंद असतानाही चालले पाहिजे, म्हणून त्या ठोकळ्याच्या आत एक लिथियमचा छोटा विद्युतघट आणि क्वार्ट्झचा स्फटिक बसवून वरून सगळे राळेने कायमचे बंद केलेले आहे. घट बदलण्याची सोय नाही. दहा वर्षांचे आयुष्य उत्पादकाने सांगितले होते आणि दहा वर्षांनी कोण हे यंत्र वापरणार, असा विचार आखणाऱ्यांनी केला असावा. व्यवहाराच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. १९९३ साली घेतलेले वर्कस्टेशन २००३ साली कोणी वापरत नसे.

पण त्या ठोकळ्यात वेळेबरोबर आणखीही काही साठवलेले असते. घटाच्या जोरावर टिकणाऱ्या थोड्याशा स्मृतीत यंत्राच्या मांडणीची माहिती असते आणि यंत्राचा इथरनेट पत्ताही असतो. इथरनेट पत्ता म्हणजे जाळ्यात जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच दिलेला ४८ बिटांचा क्रमांक. असे एकूण क्रमांक सुमारे २८१ लाख कोटी होतात. सोळाच्या पायाच्या संख्यालेखनात तो बारा अंकांनी लिहितात. पहिले सहा अंक उत्पादकाचे, उरलेले सहा त्या यंत्राचे स्वतःचे. सिलिकॉन ग्राफिक्सचे पहिले सहा अंक ०८-००-६९ असे आहेत. घट मेला की घड्याळ भलतीच तारीख दाखवते, ते एक वेळ चालेल. पण यंत्र स्वतःचा पत्ताही विसरते आणि बाराही जागी ‘एफ’ हा अंक दाखवू लागते. अशा यंत्राला जाळ्यात स्थान नाही.

एवढ्यावर प्रकरण संपत नाही. त्या काळातील महाग आज्ञावली विकताना कंपन्या त्या एकाच यंत्रापुरत्या बांधून देत. ग्राहकाने आपल्या यंत्राचा ओळखक्रमांक कळवायचा आणि कंपनीने त्या क्रमांकावरून तयार केलेली परवाना-किल्ली पाठवायची. इंडीचा हा ओळखक्रमांक कोठून येतो? इथरनेट पत्त्याच्या शेवटच्या आठ अंकांतून. म्हणजे त्याची सुरुवात नेहमी ६९ ने होते. विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे: सोळाच्या पायातील ६९ म्हणजे दहाच्या पायातील १०५. त्यापुढे सोळाच्या पायातील सहा अंक आहेत, म्हणून १०५ ला १,६७,७७,२१६ ने गुणायचे. उत्तर येते १,७६,१६,०७,६८०. म्हणूनच इंडीचा ओळखक्रमांक साध्या अंकांत लिहिला की तो १७६ किंवा १७७ ने सुरू होतो. पुढचा टप्पा १०६ च्या गुणाकारापासून लागतो. तो कोठे येतो हे मुलांनी काढून पाहावे.

एका संशोधकाने १९९५ साली इंडीवर काही रचना तयार केल्या आहेत असे समजा. त्या विशिष्ट आज्ञावलीच्या स्वतःच्या लिपीत साठवलेल्या आहेत. चकती शाबूत आहे, आज्ञावली शाबूत आहे, परवान्याची किल्लीही चकतीवर आहे. पण काही रुपयांचा घट मेल्यामुळे यंत्र आपले नाव विसरले आणि आज्ञावली म्हणते, हे ते यंत्र नव्हे. किल्ली देणारी कंपनी कधीच बंद पडलेली असू शकते. कागदावर लिहिलेले शंभर वर्षांपूर्वीचे पत्र आपण सहज वाचतो, आणि येथे पंचवीस वर्षांपूर्वीचे काम एका मेलेल्या घटामागे अडकून राहते. या यंत्रांच्या मागे लागणाऱ्या लोकांना वेडे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

सुदैवाने बहुतेक पेट्यांच्या बाहेर इथरनेट पत्त्याची छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. म्हणून जुने यंत्र हाती आल्यावर ती चिठ्ठी पहिल्यांदा उतरवून घ्यावी, तिचे छायाचित्र काढावे आणि मगच पेटी पुसायला घ्यावी. स्वच्छतेच्या उत्साहात चिठ्ठी खरवडली गेली तर यंत्राची ओळख तिच्याबरोबर गेली.

घड्याळाची शस्त्रक्रिया अशी. ठोकळा सहसा खोबणीत बसवलेला असतो, तो अलगद उचकटायचा. बारीक कानशीने किंवा छोट्या फिरत्या करवतीने बाजूची राळ घासत जायचे. आत घटाकडे जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या दिसतात. त्या आधी तोडायच्या. हे महत्त्वाचे आहे, कारण मेलेला घट जोडलेला राहिला तर तो नव्या घटावर भार टाकतो. मग चिपच्या बाजूच्या टोकांना दोन तारा डाग देऊन जोडायच्या आणि त्या तारांना तीन व्होल्टच्या नाणेघटाची घरटी लावायची. ‘सीआर २०३२’ हा घट घड्याळजीकडेही मिळतो. करवत एखादा मिलिमीटर जास्त आत गेली तर चिपच निकामी होते; म्हणून पुष्कळ जण नवी चिप मिळते का ते आधी पाहतात.

यंत्र पुन्हा चालू केल्यावर चिठ्ठीवरचा पत्ता सुरुवातीच्या आज्ञा-पडद्यावरून लिहायचा. स्मृती कोरी असेल तेव्हा यंत्र तो स्वीकारते. मग ओळखक्रमांक पूर्ववत होतो आणि जुन्या किल्ल्या चालू लागतात.

येथे एक वाद आहे. आपण ज्याला जीर्णोद्धार म्हणतो त्यात मूळ भाग कापला गेला. वस्तुसंग्रहालयांतील काही जाणकारांना हे मान्य नाही. त्यांच्या मते जुने यंत्र जसे आहे तसे जपावे. चालू करणे म्हणजे झिजवणे. दुसरा पक्ष म्हणतो, की न चालणारा संगणक म्हणजे नुसती पेटी. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे संगणक इतिहास संग्रहालय आहे. ते ज्या इमारतीत आहे ती एकेकाळी सिलिकॉन ग्राफिक्सची होती, हा एक योगायोग. तेथे १९६० च्या सुमाराचा ‘पीडीपी-१’ हा संगणक दीर्घ परिश्रमांनंतर दुरुस्त करून २००६ पासून प्रेक्षकांना चालताना दाखवला गेला. त्या जातीची अवघी ५३ यंत्रे बनली होती, त्यामुळे प्रत्येक भाग बदलताना विचार करावा लागला. आमचे मत असे, की एकमेव उरलेल्या यंत्राला करवत लावू नये. पण इंडी पुष्कळ संख्येने बनले, त्यातले काही चालते ठेवण्यासाठी ठोकळा कापला तर बिघडत नाही. कापलेला तुकडा मात्र फेकू नये. डबीत घालून यंत्राबरोबर ठेवावा.

चित्र आणि चकती

यंत्र जिवंत झाले तरी चित्र दिसेलच असे नाही. इंडीच्या मागे तेरा-डब्ल्यू-तीन नावाची जोडणी असते, तिला साध्या मॉनिटरची वायर बसत नाही. रूपांतर करणारी वायर मिळते, पण खरी मेख पुढे आहे. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या संकेतांबरोबर नवी ओळ कोठे सुरू झाली हे मॉनिटरला सांगावे लागते. साध्या संगणकात त्यासाठी वेगळ्या तारा असतात. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांत ही टाळी हिरव्या रंगाच्या तारेतच मिसळलेली असते: रंगासाठी ०.७ व्होल्टपर्यंतचा दाब आणि काळ्या पातळीच्या खाली सुमारे ०.३ व्होल्टचा खड्डा म्हणजे टाळी. ज्या मॉनिटरला हे समजत नाही तो काळा राहतो किंवा सगळे चित्र हिरवट दाखवतो. समजणारा मॉनिटर मिळाला की १२८० गुणिले १०२४ ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ७६ वेळा उमटते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा कोटी ठिपके.

चकतीच्या बाबतीत नियम एकच, आधी नक्कल आणि मग बाकी सगळे. जुन्या चकतीला फिरण्याची कदाचित एकच संधी उरलेली असते, ती कार्यप्रणाली चालू करण्यात दवडू नये. नक्कल झाल्यावर मूळ चकती बाजूला ठेवून तिच्या जागी छोट्या स्मृतिपत्रावर चालणारे पर्यायी साधन बसवता येते. आयरिक्स नव्याने भरायची झाली तर तिच्या तबकड्या साध्या तबकडी-वाचकात चालत नाहीत, कारण त्यांवरची माहिती ५१२ बाइटच्या तुकड्यांत असते आणि साधा वाचक २०४८ चे तुकडे मागतो. आयरिक्सचा मूळ मजकूर कंपनीने कधी पूर्णपणे खुला केला नाही. तिच्यासाठी १९९४ साली आलेली ‘एक्सएफएस’ ही फाइल-व्यवस्था मात्र पुढे लिनक्सला दिली गेली आणि आज ती जगभरच्या मोठ्या संगणकांवर चालते. आई गेली, लेक नांदते आहे.

चकतीवर जुन्या मालकाची पत्रे, फोटो, अर्धवट कामे असू शकतात. ती वाचणे फारसे अवघडही नसते. आयरिक्सच्या अनेक प्रती अशा होत्या, की काही ठराविक खात्यांना परवलीचा शब्दच नसे. पाहुण्याने दार लोटावे आणि आत यावे. शक्य असेल तर ज्या संस्थेचे यंत्र होते तिला विचारावे, आणि खाजगी मजकूर न उघडता नक्कल तिच्या स्वाधीन करावी. शास्त्रीय कामाच्या फाइली सापडल्या तर त्या परवाना चालू असलेल्या त्याच यंत्रावर उघडून आजच्या एखाद्या खुल्या स्वरूपात उतरवून ठेवाव्यात. ज्यांना प्रत्यक्ष यंत्र मिळणार नाही त्यांच्यासाठी ‘मेम’ ही आज्ञावली आहे; तीत इंडीची हुबेहूब नक्कल चालते आणि आयरिक्सचा अनुभव आजच्या संगणकावर घेता येतो.

नाणेघटही कायमचा नाही, काही वर्षांनी तो पुन्हा बदलावा लागेल. म्हणून घट बसवताना त्यावर न पुसणाऱ्या शाईने महिना आणि वर्ष लिहावे, आणि इथरनेट पत्त्याची दुसरी चिठ्ठी करून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी.